इंधनघटाचा जनक : सर विल्यम ग्रोव्ह

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. धरणात साठविलेले पाणी उंचावरून खाली सोडले जाते, त्याच्या वेगाने जलचक्रे फिरतात आणि त्यांच्या गतीपासून वीज निर्माण होते. पाण्यापासून वीज मिळविण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे. परंतु वीज निर्माण होता होता पाणीच तयार व्हावे, अशीही एक रीत आहे. तीत पाण्याचा लोंढा लागत नाही, चाक फिरत नाही आणि धूर निघत नाही. दोन वायूंचा शांतपणे संयोग होतो, तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागतो आणि शेवटी शुद्ध पाणी उरते. ज्या साधनात ही क्रिया घडते त्याला इंधनघट म्हणतात. हे साधन ज्याने तयार केले, तो व्यवसायाने वकील होता व पुढे न्यायाधीश झाला. त्याचे नाव विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह.

ग्रोव्हचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्स प्रांतातील स्वान्सी या बंदराच्या गावी झाला. त्या काळी हे गाव तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. कोळशाच्या धुराने तेथील आकाश सदैव काळवंडलेले असे. ग्रोव्हचे वडील गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असून दंडाधिकारी होते. मुलाने विद्यासंपन्न होऊन मानाचा व्यवसाय पत्करावा, ही त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. आरंभीचे शिक्षण खाजगी शिक्षकांकडे झाल्यावर ग्रोव्ह ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्रेझनोज महाविद्यालयात दाखल झाला. १८३२ साली त्याने पदवी मिळविली आणि नंतर लंडनला कायद्याचा अभ्यास करून १८३५ साली तो बॅरिस्टर झाला.

परंतु त्याची प्रकृती नाजूक होती. वकिलीच्या दगदगीला ती साथ देईना. तेव्हा काही काळ व्यवसाय बाजूला ठेवणे त्याला भाग पडले. आजारपणामुळे लाभलेला हा वेळ त्याने आळसात दवडला नाही. लहानपणापासून त्याला पदार्थविज्ञानाची आवड होती. ती आवड आता त्याच्या दिवसांचा मुख्य उद्योग बनली. १८३५ साली स्वान्सी येथे विज्ञानाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हा चोवीस वर्षांचा तरुण होता.

त्या काळी वीज ही घराघरांतील वस्तू नव्हती. इटलीतील व्होल्टा याने १८०० साली पहिली विद्युत् घटमाला तयार केली होती. त्याच वर्षी इंग्लंडातील निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी अशा घटमालेचा प्रवाह पाण्यातून जाऊ देऊन पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या दोन वायूंत विघटन करून दाखविले होते. तथापि त्या वेळचे घट फार दुबळे असत. थोडा वेळ प्रवाह मिळाला की त्यांचा जोर ओसरून जाई. जोमदार आणि टिकाऊ प्रवाह देणारा घट कसा करावा, या प्रश्नाकडे ग्रोव्हचे लक्ष वेधले गेले.

१८३९ साली त्याला या प्रश्नाचे उत्तर सापडले. त्याने सौम्य गंधकाम्लात जस्त ठेवले आणि तीव्र नत्राम्लात प्लॅटिनमचा पत्रा ठेवला. ही दोन अम्ले एकमेकांत मिसळून चालणार नव्हते, परंतु त्यांचा संबंध अगदी तुटूनही चालणार नव्हते. म्हणून त्याने दोहोंच्या मध्ये सच्छिद्र मातीचे भांडे ठेवले. परभणीच्या कडक उन्हाळ्यात ज्याने माठातील थंड पाणी प्यालेले आहे, त्याला या भांड्याचे मर्म लगेच कळेल. माठ पाणी धरून ठेवतो, तरीही त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपत राहते. ग्रोव्हच्या भांड्याचेही तसेच होते. ते अम्लांना सहसा मिसळू देत नसे, पण विद्युत् प्रवाहाला वाट देई. दोन द्रव्यांना वेगळे ठेवणारी आणि तरीही हवे तेवढेच पलीकडे जाऊ देणारी अशी ही भिंत होती. या भिंतीची आठवण आपण ठेवू या, कारण पुढे याच कथेत तिचे महत्त्व फार वाढणार आहे.

हा घट पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला आणि ग्रोव्हचे नाव युरोपभर झाले. त्या काळच्या कोणत्याही घटापेक्षा त्याचा जोर अधिक होता. अमेरिकेत तारायंत्रे नव्याने सुरू झाली, तेव्हा ग्रोव्हच्या घटांवर ती अनेक वर्षे चालली. मात्र नत्राम्लामुळे या घटातून तपकिरी रंगाचा विषारी वायू निघे. त्यामुळे पुढे दुसरे घट प्रचारात आल्यावर तो मागे पडला.

ज्या शोधामुळे ग्रोव्हचे नाव आजही घेतले जाते, तो याच सुमाराचा आहे. विजेने पाण्याचे दोन वायू होतात, हे सर्वांना ठाऊक होते. आजही शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी हा प्रयोग पाहतात. ग्रोव्हच्या मनात उलट विचार आला. विजेने जर पाण्याचे वायू होतात, तर त्या वायूंचे पुन्हा पाणी होताना वीज परत मिळणार नाही काय? प्रश्न अगदी साधा होता, परंतु तो विचारून प्रयोगाने तडीस नेण्याचे काम साधे नव्हते.

ग्रोव्हने दोन काचनळ्या सौम्य गंधकाम्लात उपड्या ठेवल्या. एकीत हायड्रोजन व दुसरीत ऑक्सिजन भरला. प्रत्येक नळीत प्लॅटिनमची एक पट्टी अशी बसविली, की तिचा काही भाग वायूत व काही भाग अम्लात राहावा. दोन्ही पट्ट्या तारेने विद्युत्-मापकाला जोडताच त्याचा काटा हलला. तारेतून प्रवाह वाहत होता! इकडे नळ्यांतील अम्लाची पातळी हळूहळू वर चढत होती, कारण दोन्ही वायू खर्च होत होते. ऑक्सिजनच्या दुप्पट हायड्रोजन खर्च होत होता. पाण्याचे विघटन होताना हे वायू ज्या प्रमाणात बाहेर पडतात, त्याच प्रमाणात ते आता संयोग पावत होते. १८३९ साली त्याने या निरीक्षणाचे पहिले वृत्त प्रसिद्ध केले. बाझेल येथील प्राध्यापक शोनबाइन हाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निरीक्षणापर्यंत पोहोचला होता. अशा प्रसंगी शोधाच्या मानावरून कलह माजतात, परंतु या दोघांमध्ये स्नेह जडला व पुढे त्यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालू राहिला.

१८४२ साली ग्रोव्हने असे पन्नास घट एकत्र जोडून वायुघटमाला सिद्ध केली. पाच माणसांनी एकमेकांचे हात धरले, तर त्या सर्वांना तिच्या विजेचा धक्का बसे. मग त्याने याच घटमालेच्या प्रवाहाने पाण्याचे विघटन करून दाखविले. त्यासाठी निदान सव्वीस घट लागतात, असे त्याला आढळले. एका बाजूला वायूंचे पाणी होत होते, त्यातून वीज निघत होती, आणि तीच वीज दुसऱ्या बाजूला पाण्याचे पुन्हा वायू करीत होती. निसर्गातील एका क्रियेची दोन्ही रूपे त्याने एकाच मेजावर मांडली होती.

येथे ग्रोव्हच्या स्वभावाचा एक मोठा गुण दिसून येतो. आपल्या साधनाचे सामर्थ्य त्याने जसे जगापुढे मांडले, तसेच त्याचे उणेपणही लपविले नाही. वायू, अम्ल आणि प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकत्र भेटतात, तेवढ्याच अरुंद जागी ही क्रिया घडते, हे त्याने ओळखले होते. पट्टीचा जो भाग अम्लात पूर्ण बुडालेला असे तो निरुपयोगी होई, आणि जो भाग केवळ वायूत असे तोही निरुपयोगी होई. दोहोंच्या सीमेवरची चिंचोळी रेघच कामी येई. म्हणून प्रवाह अल्प मिळे. ही भेटीची जागा मोठी केल्यावाचून साधन उपयोगी पडणार नाही, हे त्याने स्पष्टपणे लिहून ठेवले. प्लॅटिनमच्या पट्टीवर प्लॅटिनमचीच खरबरीत पूड चढवून त्याने ही जागा काहीशी वाढविलीही. परंतु त्याहून पुढे जाण्यास लागणारी साधने त्या काळी कोणापाशीच नव्हती.

१८४० साली रॉयल सोसायटीने ग्रोव्हला आपले सदस्यत्व दिले. पुढल्याच वर्षी लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्रायोगिक तत्त्वज्ञानाचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथील व्याख्यानांतून त्याने एक व्यापक विचार मांडण्यास आरंभ केला. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक आकर्षण आणि गती या शक्ती परस्परांपासून अलग नाहीत. त्यांपैकी कोणत्याही एकीपासून दुसरी उत्पन्न होऊ शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. हे पटवून देण्यासाठी तो एक सुंदर प्रयोग करी. काचेच्या भिंतीच्या पेटीत पाणी भरून त्यात तो प्रकाशाने बदलणारी छायाचित्राची पट्टी ठेवी. तिच्यासमोर रुप्याच्या तारांची जाळी असे. पट्टी व जाळी यांना जोडणारी तार विद्युत्-मापकातून आणि उष्णतेने उलगडणाऱ्या धातूच्या वेटोळ्यातून नेलेली असे. पेटीवरील झाकण उघडून प्रकाश आत येताच पट्टीवर रासायनिक क्रिया होई, तारेत वीज वाहे, मापकाच्या गुंडाळीत चुंबकत्व उपजे, वेटोळ्यात उष्णता येई आणि काटे हलून गती दिसे. एका प्रकाशकिरणातून इतकी रूपे प्रकट होत. हे विचार १८४६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ग्रोव्हच्या हयातीतच त्या पुस्तकाच्या सहा आवृत्त्या निघाल्या. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम विज्ञानात प्रस्थापित होत होता, त्या काळात या पुस्तकाने त्यासाठी भूमी तयार केली.

१८४७ साली रॉयल सोसायटीने त्याला आपले पदक देऊन गौरविले. परंतु गौरवाने संतुष्ट होऊन स्वस्थ बसणाऱ्यांपैकी तो नव्हता. या थोर संस्थेत विज्ञानाचे काम न केलेल्या धनिकांचा व सरदारांचा भरणा झाला होता. सदस्यत्व विद्वत्तेवरच मिळावे, यासाठी ग्रोव्हने आपल्या सहकाऱ्यांसह नेटाने खटपट केली. त्याच वर्षी नियम बदलले आणि दरवर्षी केवळ पंधरा योग्य व्यक्तींनाच निवडावे असे ठरले.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात कसोटीचा प्रसंग आला. विज्ञानाने कीर्ती दिली होती, परंतु वाढत्या कुटुंबाचा चरितार्थ त्यावर चालणे कठीण होते. १८४६ साली त्याने प्राध्यापकाची जागा सोडली व तो पुन्हा वकिलीकडे वळला. ज्याच्या हाती एवढा मोठा शोध लागला, त्याने प्रयोगशाळेचा निरोप घ्यावा, याचे आपल्याला वाईट वाटते. तथापि ग्रोव्हने विज्ञानाशी नाते तोडले नाही. कज्जेदलालांच्या गर्दीतून सवड काढून तो प्रयोग करीतच राहिला. १८५२ साली, विरळ वायूतून विजेचा विसर्ग होत असताना धातूचे कण सुटून समोरच्या पृष्ठावर त्यांचा पातळ थर बसतो, हे त्याने दाखवून दिले. आज या क्रियेचा उपयोग अनेक उद्योगांत होतो. १८६६ साली नॉटिंगहॅम येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष झाला. वकिलीतही त्याने नाव मिळविले. १८७१ साली त्याला न्यायाधीशाचे पद मिळाले व १८७२ साली सर ही पदवी मिळाली. १८८७ साली तो न्यायासनावरून निवृत्त झाला.

इकडे जगात विजेचे युग अवतरले होते, पण ते ग्रोव्हच्या वायुघटावर चढून आले नव्हते. फॅरडेने १८३१ साली लावलेल्या शोधातून विद्युत् जनित्र जन्मास आले होते. कोळसा जाळावा, वाफ करावी, यंत्र फिरवावे आणि वीज घ्यावी, हा मार्ग स्वस्त व सोपा ठरला. वायुघट प्रयोगशाळेच्या कपाटात राहिला. १८८९ साली माँड आणि लँगर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तो बाहेर काढला. त्यांनी अम्ल भांड्यात मोकळे न ठेवता एका सच्छिद्र पडद्यात शोषून घेतले आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन वायू खेळविले. भेटीची जागा वाढविण्याची ही खरी दिशा होती. परंतु त्यांना हवा तसा पडदा मिळाला नाही व प्लॅटिनमचा खर्चही झेपला नाही. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडन येथे ग्रोव्हने इहलोकीची यात्रा संपविली. न्यायमूर्ती म्हणून तो मान्यता पावला होता. त्याचा वायुघट मात्र उपयोगात आलेला त्याला पाहावयास मिळाला नाही.

योग्य पडदा सापडण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. तोपर्यंत रसायनशास्त्राने बहुवारिके नावाची द्रव्ये घडविण्याची कला हस्तगत केली होती. लहान लहान रेणूंची लांबच लांब साखळी गुंफली म्हणजे बहुवारिक तयार होते. प्लॅस्टिके आणि नायलॉन ही त्याचीच उदाहरणे होत. १९५५ साली अमेरिकेतील टॉमस ग्रब या शास्त्रज्ञाने पॉलिस्टायरीन या बहुवारिकाच्या साखळीला गंधकाम्लाच्या जातीचे गट जोडून तयार केलेले पातळ पटल इंधनघटात वापरले. ग्रोव्हच्या पहिल्या निरीक्षणाला तेव्हा ११६ वर्षे झाली होती. थोड्याच काळात नीड्राख याने या पटलावर प्लॅटिनमचा थर बसविण्याची युक्ती काढली.

हे पटल काय करते ते पाहण्यासारखे आहे. एका बाजूला हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉन सुटतो व प्रोटॉन उरतो. पटल प्रोटॉनला आरपार जाऊ देते, परंतु इलेक्ट्रॉनला अडविते. मग इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने लांबचा फेरा घ्यावा लागतो. या फेऱ्यात तो दिवे लावतो, यंत्रे चालवितो आणि पलीकडे पोहोचतो. तेथे ऑक्सिजन त्याची वाट पाहत असतो. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी होते. दोन्ही वायूंना मात्र पटल एकमेकांत मिसळू देत नाही. ग्रोव्हच्या मातीच्या भांड्याचे काम आता कागदासारख्या पातळ पडद्याने अधिक चोखपणे केले. सांडणारे अम्ल गेले, जागा वाचली आणि असे अनेक घट एकावर एक रचता येऊ लागले. १९६५ सालच्या ऑगस्टमध्ये जेमिनी ५ हे यान दोन अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीभोवती फिरले, तेव्हा त्याला अशाच घटांनी वीज पुरविली.

तरीही अडचणी संपल्या नव्हत्या. पॉलिस्टायरीनचे पटल घटातील क्रियेने झिजून जाई. म्हणून कार्बन व फ्लुओरिन यांच्या चिवट साखळीवर तसेच अम्लगट बसवून नॅफिऑन नावाचे टिकाऊ पटल तयार करण्यात आले. पण नॅफिऑनमधून प्रोटॉन सहज जावा यासाठी ते ओले असावे लागते. उष्णता शंभर अंशांच्या घरात गेली की पटल सुकते आणि प्रोटॉनची वाट बंद होते. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी बहुवारिकांत निरनिराळे फेरफार केले. कोणी त्यात पाणी धरून ठेवणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिसळले. कोणी पॉलिबेंझिमिडाझोल नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या बहुवारिकात फॉस्फरिक अम्ल मुरविले. असे पटल १६० अंशांच्या पुढेही, पाण्याची वाट न पाहता, काम करू शकते.

या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांनी पॉलिबेंझिमिडाझोलच्या पटलांवर व इंधनघटांवर संशोधन केले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये या प्रयोगशाळेच्या सहभागाने तयार झालेल्या इंधनघटावर एक मोटार चालवून पाहण्यात आली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच अशा घटावर चालणारी बस लोकांपुढे आली. हायड्रोजन मिळविण्यासाठी मात्र दुसरी शक्ती खर्च करावी लागते, हे विसरून चालणार नाही. कोळसा जाळून हायड्रोजन मिळविला तर धुराची जागा बदलेल, धूर सरणार नाही. परंतु मराठवाड्यात मुबलक असणाऱ्या उन्हापासून वीज घेतली, तिने पाण्याचे वायू केले आणि त्या वायूंपासून हवी तेव्हा पुन्हा वीज मिळविली, तर ग्रोव्हने आपल्या मेजावर दाखविलेले चक्र मोठ्या प्रमाणावर पूर्ण होईल.

ग्रोव्हने वायुघट जगाला दिला आणि तो कोठे अडतो हेही प्रामाणिकपणे सांगितले. या दोन गोष्टींत दुसरीचे मोल पहिलीपेक्षा कमी नाही. त्याने आपले उणे झाकले असते, तर पुढच्यांना ते नव्याने शोधावे लागले असते. त्याने ते उघडे ठेवले म्हणून माँड, लँगर, ग्रब आणि नीड्राख यांना काम कोठून सुरू करावे हे कळले. अपुरे राहिलेले कार्य पुढील पिढ्यांच्या हाती नीटपणे सोपविणे, हेही विद्येच्या उपासकाचे कर्तव्य आहे. स्वान्सीच्या धुरकट आकाशाखाली वाढलेल्या या न्यायाधीशाने ते निष्ठेने पार पाडले.